बेस गिटारचे व्हॉल्यूम, ब्लेंड आणि टोन नॉब : या चुका टाळा

बेसचा आवाज अचानक पातळ वाटू लागला की आपल्याकडे आधी पिकअपवर (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागावर) संशय घेतला जातो आणि लगेच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवे पॉट (नॉबखालचे फिरते रोधक) आणले जातात. माझ्या मते पहिले काम वेगळे आहे : आपल्या बेसवर नॉबची मांडणी कोणती आहे, हे नीट समजून घ्यावे, कारण पुष्कळदा ज्याला बिघाड म्हटले जाते तो त्या मांडणीचा स्वभावच असतो.

१९६० मध्ये आलेल्या फेंडर जॅझ बेसवर सुरुवातीला एकावर एक बसवलेले दुहेरी नॉब होते. दोन व्हॉल्यूम आणि एक टोन ही मांडणी त्यानंतर रूढ झाली. या मांडणीत दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की पिकअप तारेच्या वेगवेगळ्या जागी असल्यामुळे मधल्या कंपनपट्ट्यातले (मिड) काही स्वर एकमेकांना मारतात, आणि वाद्यवृंदात बेस हरवल्यासारखा वाटतो. त्यावर ॲम्पचे मिड वाढवत बसण्याऐवजी एक व्हॉल्यूम किंचित कमी करून पाहावा. तसे केल्यावर थोडे हमिंग (सततची गुणगुण) येईल. दोन सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप समान पातळीवर असतानाच ते एकमेकांचे हमिंग रद्द करतात, त्यामुळे तो दोष समजू नये. मात्र तारांना हात लावून काहीच फरक पडत नसेल आणि जॅकच्या धातूला स्पर्श करताच हमिंग कमी होत असेल, तर ब्रिजखालची (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या पट्टीखालची) ग्राउंड वायर सुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप गप्प होत असतील, तर पॉटवर पिकअपची आणि आउटपुटची वायर अदलाबदल झालेली असते. जॅझ बेसमध्ये पिकअपची वायर मधल्या पायाला जोडतात.

ब्लेंडच्या, म्हणजे दोन पिकअपचे प्रमाण ठरवणाऱ्या नॉबच्या, बाबतीत सर्वाधिक नुकसान चुकीच्या पॉटमुळे होते. पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणाऱ्या) बेसला 'एमएन' टेपरचा (टेपर म्हणजे नॉब फिरवताना रोध बदलण्याची पद्धत) ब्लेंड पॉट लागतो, ज्यात नॉब मध्यभागी असताना दोन्ही पिकअप पूर्ण उघडे राहतात. त्याऐवजी दुकानात सहज मिळणारा साधा दुहेरी 'बी' पॉट बसवला, तर मध्यभागी दोन्ही पिकअप दबतात. तसेच ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपसाठीचे २५ के (किलोओहम) पॉट पॅसिव्ह पिकअपला जोडू नयेत, कारण त्यामुळे ट्रेबल निघून जातो. तिथे साधारणपणे २५० के हवा. टोनच्या कपॅसिटरवर ४७३ लिहिलेले असेल, तर तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा, म्हणजे योग्यच आहे.

ॲक्टिव्ह बेसचा आवाज फाटू लागला, तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदलावी. वाजवून झाल्यावर केबल जॅकमध्ये तशीच ठेवली की बॅटरी उतरत राहते. पावसाळ्यात आपल्या दमट हवेमुळे पॉट खरखरतात, आणि कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवल्यास बहुधा काम भागते. ॲक्टिव्ह बेसमध्ये त्यानंतरही खरखर राहिली, तर पॉटवर डीसी (एकदिश विद्युतदाब) पोहोचत आहे का, हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. प्रीॲम्पमधला (बेसच्या आतल्या बॅटरीवरच्या सर्किटमधला) गळका कपॅसिटर असेल, तर नवा पॉटही तसाच खरखरेल.