डेबियन रिपॉझिटरीतील पॅकेज-सूची कशी सांभाळावी

डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी किंवा तिच्यावर आधारलेल्या प्रणालीसाठी स्वतःची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअर-पॅकेजांचे भांडार) चालवताना डेब फायली (एकेका पॅकेजची फाइल) जमवणे हा कामाचा सोपा भाग आहे. खरी काळजी सूचीची घ्यावी लागते, कारण एपीटीला (पॅकेजे उतरवून इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला) रिपॉझिटरीतले जे काही कळते ते सूचीतूनच कळते. प्रत्यक्ष पॅकेजे ‘पूल’ या डिरेक्टरीत राहतात आणि सूची ‘डिस्ट्स’मध्ये. ‘पॅकेजेस’ फाइलीतील प्रत्येक नोंदीत नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार), अवलंबित्वे (लागणारी इतर पॅकेजे), पूलमधील फाइलीचा मार्ग, बाइटमधील आकार आणि एसएचए-२५६ चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळख) असतो. या सूचीचा चेकसम ‘रिलीज’ फाइलीत येतो आणि तिचीच स्वाक्षरीसह प्रत म्हणजे ‘इनरिलीज’. स्वाक्षरीपासून डेब फाइलीपर्यंतची ही साखळी कोणत्याही क्षणी तुटलेली दिसू नये, हेच सांभाळणाऱ्याचे काम.

म्हणून सूची हाताने कधीही दुरुस्त करू नये. लहान रिपॉझिटरीला एपीटी-एफटीपीआर्काइव्ह हे सूची बनवणारे साधन पुरते. डेबियनच्या अनेक आवृत्त्या आणि आर्किटेक्चर असतील तर रेप्रेप्रो किंवा ॲप्टली ही साधने वापरावीत.

सर्वाधिक लक्ष प्रकाशनाच्या क्रमाकडे द्यावे. नवी डेब फाइल आधी पूलमध्ये पोहोचली पाहिजे; सूची तिच्याआधी पोहोचली, तर वापरकर्त्याला अस्तित्वात नसलेल्या फाइलीचा पत्ता मिळतो आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबते. मात्र एवढ्याने भागत नाही. एखाद्याने जुनी ‘इनरिलीज’ उतरवून घेतली आणि त्यानंतर क्षणभरात तुम्ही ‘पॅकेजेस’ बदलली, तर चेकसम जुळत नाही आणि ‘हॅश सम मिसमॅच’ ही त्रुटी येते. दोन्हींपैकी कोणतीही फाइल आधी बदलली, तरी हा धोका राहतोच. यावरचा पक्का उपाय म्हणजे ‘बाय-हॅश’: प्रत्येक सूची तिच्या चेकसमच्याच नावाने वेगळी ठेवावी, ‘रिलीज’मध्ये ‘ॲक्वायर-बाय-हॅश’ला ‘येस’ लिहावे, मागच्या काही सूची तशाच राहू द्याव्यात आणि ‘इनरिलीज’ सर्वांत शेवटी बदलावी. जुन्या डेब फायली त्याहीनंतर, काही काळ जाऊ देऊन काढाव्यात, कारण ज्यांनी सूची ताजी केलेली नाही ते अजून त्याच मागत असतात.

एकदा प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीचा मजकूर त्याच क्रमांकाखाली बदलणे मी सर्वांत गंभीर चूक मानतो. बदल कितीही किरकोळ असला तरी क्रमांक वाढवावा. चाचणी-आवृत्तीसाठी टिल्ड वापरावा: ‘२.०~आरसी१’ ही ‘२.०’च्या आधीची ठरते, त्यामुळे अंतिम आवृत्ती आली की अपग्रेड आपोआप होते. शंका असल्यास डीपीकेजी या पॅकेज-साधनाच्या ‘कंपेअर-व्हर्जन्स’ पर्यायाने तुलना करून पाहावी.

‘रिलीज’मधील ‘व्हॅलिड-अंटिल’ ही मुदत जरूर लिहावी, कारण ती नसेल तर कोणीही मधल्यामध्ये जुनी, त्रुटी असलेली पण खऱ्या स्वाक्षरीची सूची वापरकर्त्यांपुढे ठेवत राहू शकतो. मुदत लिहिली की नवे पॅकेज नसतानाही ती संपण्याआधी पुन्हा स्वाक्षरी करणे आले. हे काम क्रॉनवर (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेवर) सोपवावे आणि स्वाक्षरीच्या किल्लीच्या मुदतीवरही नजर ठेवावी. सर्व्हरचे घड्याळ पुढे गेलेले नसावे, कारण भविष्यातील तारखेची ‘रिलीज’ एपीटी नाकारते.

प्रत्येक प्रकाशनानंतर कोऱ्या कंटेनरमध्ये (यंत्रातच उभारलेल्या वेगळ्या, स्वच्छ प्रणालीत) ‘एपीटी अपडेट’ चालवावे, ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ने नवीच आवृत्ती निवडली जाते का ते पाहावे आणि पॅकेज खरोखर इन्स्टॉल करावे. तुमच्या नेहमीच्या यंत्रावर जुन्या सूची आणि किल्ल्या आधीच साठलेल्या असतात, त्यामुळे तिथली चाचणी पुरेशी धरू नये.