यादी दिली, तरी प्रकल्प चुकतो : विद्यार्थ्यांना संकेतस्थळे देताना या चुका टाळा

मुलांना गूगलवर मोकळे सोडले की जाहिराती आणि व्हिडिओ यांतच तास संपतो. म्हणून बरेच शिक्षक आता प्रकल्पासाठी चार-पाच निवडक संकेतस्थळे देतात, आणि ते योग्यच आहे. मराठी विश्वकोश, जनगणनेचे संकेतस्थळ, जिल्हा गॅझेटियर (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ), कृषी विभागाचे पावसाच्या नोंदींचे महारेन ही ठिकाणे आपल्या मुलांच्या ओळखीची व्हायलाच हवीत. पण यादी फळ्यावर लिहिली की काम झाले असे धरले, तर मुले खात्रीच्या ठिकाणाहूनही चुकीचे उतरवून आणतात.

संकेतस्थळ पाहिले, साल पाहिले नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘आपला जिल्हा’ हा नेहमीचा प्रकल्प घ्या आणि जिल्हा ठाणे धरा. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. छापील खंडांतल्या नोंदी पुढे जशाच्या तशा संकेतस्थळावर आल्या. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे जुन्या नोंदीत डहाणू, जव्हार, मोखाडा हे ठाण्याचेच तालुके असणार. नोंद चुकीची नाही, ती त्या काळची आहे. हे मुलाला कोणी सांगितलेले नसते.

बरे, मुलाने विश्वकोश सोडून २०११ची जनगणना उघडली, तरी सुटका नाही. तिथे ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर दिसते, कारण ती अखंड जिल्ह्याची आहे. मूल ती उतरवते आणि शेजारी आजच्या सात तालुक्यांचा नकाशा चिकटवते. दोन्ही गोष्टी सरकारी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि वहीतले पान मात्र चूक. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक आकड्यापुढे ‘कोणत्या सालचा’ आणि ‘तेव्हा जिल्हा केवढा होता’ असे दोन रकाने ठेवायला लावा. नववीतली मुले हे आवडीने करतात, कारण चूक त्यांची त्यांनाच सापडते.

नावांचेही तसेच. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर किंवा अहिल्यानगर असे शोधून जुन्या साहित्यात काही मिळाले नाही, की मुले ‘माहिती उपलब्ध नाही’ लिहून मोकळी होतात. उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर ही आधीची नावे टाकून पाहा, असे शोध सुरू करण्यापूर्वीच सांगायला हवे.

विषय दिला, प्रश्न दिला नाही

‘पाऊस’ असा विषय दिला तर चाळीस वह्यांत एकच मजकूर येणार. त्यासाठी मुलांना रागावण्यात अर्थ नाही, कारण उतरवण्यापलीकडे आपण त्यांच्याकडे काही मागितलेलेच नसते. त्याऐवजी असे विचारा: मागच्या दोन वर्षांत जूनमध्ये आपल्या तालुक्यात किती पाऊस पडला, आणि आपल्या गावात पेरणी कधी झाली? पावसाचे आकडे महारेनवर मिळतील. पेरणीचे मात्र घरी किंवा शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे लागेल. दुसऱ्या अर्ध्यासाठी एकही संकेतस्थळ उपयोगी पडत नाही, म्हणून पहिला अर्धा भागही मुले नीट वाचतात.

आणखी एक. मुखपृष्ठाचा पत्ता देऊ नका, नेमक्या पानाचा द्या. मोठ्या सरकारी संकेतस्थळावर तिसऱ्या क्लिकला मूल हरवते आणि परत गूगलवर येते. तिथे सगळ्यात वर यंत्राने तयार केलेला सारांश दिसतो, तेवढाच उतरवला जातो.

शिक्षकाच्या लॅपटॉपवर चालले, मुलांकडे नाही

पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला आणि मराठीऐवजी भलतीच इंग्रजी अक्षरे व चिन्हे उमटली, तर फाइल बिघडलेली नसते. ती बहुधा युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीपूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये असते. अशा फाइलीत मराठी शब्द टाकून शोधही लागत नाही. पान क्रमांक सांगून मुलांना हाताने टिपणे काढायला लावावे, नाहीतर तेवढी दोन पाने छापून द्यावीत.

यादी एकदा शाळेच्या संगणकावर आणि एकदा साध्या मोबाइलवर उघडून पाहा. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो वडील कामावरून आल्यावर रात्री हाती पडतो. चाळीस एमबीची फाइल तेव्हा उतरत नाही.

जुने गॅझेटियर एकट्याने वाचायला दिले

एकोणिसाव्या शतकातली मुंबई इलाख्याची गॅझेटियर नद्या, घाट, बाजारपेठा, पिके यांसाठी फार मोलाची आहेत. पुण्याचे १८८५चे आहे. पण ती इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहिली आहेत, आणि त्यांतली जातीजमातींची वर्णने सरसकट व अनेकदा अपमानकारक आहेत. ज्या समाजाबद्दल ते लिहिले आहे, त्यातली मुले आपल्याच वर्गात बसलेली असतात. ते भाग प्रकल्पाला देऊ नयेत. वाचायचेच असतील तर वर्गात, शिक्षकासमोर, कोणी आणि कशासाठी लिहिले हे बोलत वाचावेत.

गेल्या वर्षीचीच यादी पुन्हा दिली

सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलत राहतात. जूनमध्ये प्रत्येक दुवा स्वतः उघडून पाहा. पान उघडत नसेल तर जुना पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. पुष्कळदा साठवलेली प्रत मिळते. मुलांनाही पानाचे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहायची सवय लावा. वर्षअखेरीस त्याच नोंदी चाळल्या की कोणते दुवे खरोखर वापरले गेले ते कळते, आणि बाकीचे काढून टाकता येतात.