हळहळ म्हणजे जागृती नव्हे: सामाजिक विषयावर फिल्म, पॉडकास्ट, पोस्टर करताना या चुका टाळा

काळा पडदा, मागे उदास पियानो, पांढऱ्या अक्षरांत एक भलामोठा आकडा आणि खाली ‘विचार करा’. सामाजिक विषयावरच्या बऱ्याचशा शॉर्ट फिल्म इथे येऊन थांबतात. पाहणारा क्षणभर गप्प होतो, ‘फारच छान’ म्हणतो आणि पुढचा व्हिडिओ लावतो. करणाऱ्यांना वाटतं, पोचलं!

स्पर्धेसाठी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, संस्थांसाठी केलेलं असं बरंच काम माझ्या नजरेखालून जातं. कॅमेरा आणि एडिटिंग दरवर्षी सुधारतंय, चुका मात्र त्याच आहेत. बहुतेकींचं मूळही एकच: प्रेक्षक हळहळला की काम फत्ते, ही समजूत. खाली त्या तक्रारींच्या रूपात मांडल्या आहेत, कारण लोक त्या तशाच घेऊन येतात.

‘लोकांना आवडतं, पण कुणी काही करत नाही’

१९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल पुस्तिका वाचायला दिल्या. काही पुस्तिका अंगावर काटा आणणाऱ्या, काही सौम्य. भीतीदायक पुस्तिका वाचलेले विद्यार्थी ‘लस घ्यायलाच हवी’ असं जास्त जोरात म्हणाले. प्रत्यक्षात लस घेतली फक्त ३ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांनी. दुसऱ्या एका गटाला पुस्तिकेसोबत कॅम्पसचा नकाशा दिला होता. त्यावर आरोग्य केंद्र खुणेने दाखवलं होतं आणि आठवड्यात कधी जाता येईल ते ठरवायला सांगितलं होतं. या गटातल्या साधारण २८ टक्क्यांनी लस घेतली. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्या विद्यार्थ्यांना आधीपासून ठाऊक असणार, तरी हा फरक पडला. पुस्तिका जास्त भीतीदायक होती की कमी, याने लस घेणाऱ्यांच्या संख्येत फारसा फरक पडला नाही.

आता आपल्या पोस्टरकडे या. ‘रक्तदान करा, जीव वाचवा.’ यात चूक काहीच नाही आणि उपयोगही नाही. रक्तदान चांगलं असतं हे कुणाला माहीत नाही? अडतं ते दुसरीकडेच: कुठे जायचं, किती वेळ मोडेल, उपाशीपोटी जायचं का, कालच गोळी घेतली आहे तर चालेल का. मग पोस्टरवर हेच लिहा: ‘शनिवारी ९ ते १, वाचनालयाचा तळमजला. खाऊन या, ओळखपत्र आणा. प्रत्यक्ष रक्त घ्यायला साधारण १० मिनिटं लागतात. औषध चालू असेल तर तिथल्या डॉक्टरांना सांगा.’ घोषवाक्य गेलं, सुंदर थेंबाचं चित्र लहान झालं. डिझायनर कुरकुरेल, कुरकुरू द्या.

स्क्रिप्टला हात लावण्याआधी एक वाक्य पूर्ण करा: ‘अमुक माणसाने हे पाहून अमुक करावं.’ पहिल्या जागी ‘समाज’ आणि दुसऱ्या जागी ‘जागरूक व्हावं’ आलं, तर अजून विषयच ठरलेला नाही.

‘समस्या किती मोठी आहे ते दाखवलं, तरी उलटंच झालं’

ही चूक सगळ्यात निरागस, म्हणून सगळ्यात चिवट. ‘सगळे कचरा फेकतात’, ‘सगळेच सिग्नल तोडतात’, ‘आजची तरुण पिढी व्यसनात बुडाली आहे’. हेतू धक्का देण्याचा असतो. ऐकणारा ऐकतो, ‘अच्छा, सगळेच करतात होय.’

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले पर्यटक लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या आणि वाटेवर खूण केलेले तुकडे ठेवले. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं’ अशा अर्थाची पाटी होती तेव्हा ७.९२ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ अशा साध्या पाटीच्या वेळी १.६७ टक्के. चोरी थांबवायला लावलेली पाटी चोरीचा परवाना ठरली.

अमेरिकेतच १९९८ ते २००४ या काळात तरुणांना अमली पदार्थांपासून दूर ठेवण्यासाठी जाहिरातींची मोहीम झाली. खर्च जवळपास १ अब्ज डॉलर. मूल्यमापनात गांजाचा वापर कमी झाल्याचं काही दिसलं नाही. इतक्या जाहिराती पाहून मुलांचा ‘म्हणजे बरेच जण ओढत असणार’ असा समज झाला असावा, हे अभ्यासकांनी सुचवलेल्या कारणांपैकी एक.

तुमच्या फिल्ममध्ये चुकीचं वागणारे किती सेकंद दिसतात आणि बरोबर वागणारे किती, हे एडिटिंगच्या टाइमलाइनवर मोजा. बरोबर वागणारे शेवटच्या शॉटमध्ये हसताना दिसत असतील आणि बाकी सगळा वेळ कचऱ्याचे ढीग, तर फिल्म कचऱ्याची जाहिरात करते आहे. नीट वागणारे खरोखरच कमी असतील तर खोटं बोलू नका. संख्या वाढते आहे का ते पाहा, आणि तेही नसेल तर संख्येचा उल्लेखच टाळा.

‘आकडे द्यावेत की एका माणसाची गोष्ट सांगावी?’

याचं नेहमीचं उत्तर ‘एका माणसाची गोष्ट’. त्याला आधारही आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ५ डॉलरमधून दान द्यायचं होतं. मालीतल्या रोकिया नावाच्या ७ वर्षांच्या मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. गंमत पुढे आहे. मुलगी आणि आकडेवारी एकत्र दिली तेव्हा दान १.४३ वर आलं. म्हणजे हृदयद्रावक गोष्टीच्या शेवटी आकड्यांची पाटी टाकून आपण कमावलेलं घालवत असतो.

पण इथेच थांबलात तर दुसऱ्या खड्ड्यात पडाल. शांतो अय्यंगार यांनी अमेरिकी टीव्हीच्या बातम्यांवर संशोधन केलं. गरिबीची बातमी एका गरीब व्यक्तीवर बेतलेली असली, की प्रेक्षक दोष त्या व्यक्तीलाच देण्याकडे झुकतात. तीच बातमी परिस्थितीच्या अंगाने मांडली, की व्यवस्थेकडे बोट दाखवतात. म्हणजे एका माणसाची गोष्ट खिसा सैल करते, पण ‘याने जरा प्रयत्न करायला हवे होते’ असंही वाटायला लावते. निधी जमवायचा असेल तर पहिला परिणाम कामाचा, धोरण बदलायचं असेल तर दुसरा घातक.

मी सुचवतो तो मार्ग असा. माणूस एकच ठेवा, पण त्याला अडवणारी यंत्रणा फ्रेममध्ये आणा. शाळा कायमची सुटलेल्या मुलीची मुलाखत घ्या. ‘शाळा सुटली तेव्हा कसं वाटलं?’ या प्रश्नावर ती रडेल. तुम्हाला शॉट मिळेल, प्रेक्षकाला कारण मिळणार नाही. विचारा, ‘शाळेच्या शेवटच्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं?’ मग ती सांगेल की बस सव्वासातला सुटते, आईची कारखान्यातली पाळी आठला संपते आणि तोवर धाकट्या भावाजवळ कुणी नसतं. आता बसस्टॉपवरचं वेळापत्रक शूट करा. कारखान्याचा भोंगा रेकॉर्ड करा. मधली पाऊण तासाची फट पडद्यावर दिसली की ‘मुलीला शिकायचंच नव्हतं’ म्हणायची कुणाची छाती होणार नाही, आणि मागणी काय करायची तेही आपोआप समजेल. बसची वेळ बदला.

‘खलनायकच लोकांना आवडला’

अमेरिकेतल्या ‘ऑल इन द फॅमिली’ या मालिकेत आर्ची बंकर नावाचं वंशद्वेष्टं पात्र होतं. उद्देश त्याची खिल्ली उडवण्याचा. १९७४ सालच्या अभ्यासात दिसलं, की मनात पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना तोच खरं बोलणारा वाटत होता. टवाळी ज्याची त्याला कळतेच असं नाही.

मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी १९७०च्या दशकात मालिकांसाठी जी रचना बसवली तिचा इथे उपयोग होतो. एक पात्र चांगलं, एक वाईट आणि तिसरं डळमळीत, जे चुकतं, अडखळतं आणि हळूहळू बदलतं. प्रेक्षक स्वतःला पाहतो ते या तिसऱ्यात. हौशी फिल्ममध्ये तिसरं पात्र बहुधा नसतंच, किंवा तीस सेकंदांच्या भाषणाने त्याचं हृदयपरिवर्तन होतं. बदलाची किंमत दाखवा: मित्र हसले, घरी वाद झाला, पहिल्यांदा जमलं नाही.

‘परवानगी तर घेतली होती’

कागदावर सही म्हणजे परवानगी, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. कॅमेरा, चार अनोळखी माणसं, सोबत संस्थेचा कार्यकर्ता. अशा वेळी ‘नको’ म्हणणं सोपं नसतं. परवानगी तीनदा विचारा: शूटिंगआधी, रफ कट (कच्चं एडिटिंग) दाखवून आणि प्रसिद्धीच्या आदल्या दिवशी. ‘हे इंटरनेटवर जाईल’ एवढंच सांगू नका. ‘तुमचे नातेवाईक, घरमालक, कामावरचे साहेब हे पाहू शकतील, आणि नंतर आम्ही काढलं तरी कुणीतरी डाउनलोड केलेलं असेल’, असं सांगा. ‘नाही’ आलं तर आनंदाने काढा, कितीही भारी शॉट असो.

२०१२ सालची ‘कोनी २०१२’ ही युगांडातल्या बालसैनिकांवरची फिल्म सहा दिवसांत १० कोटींवर वेळा पाहिली गेली. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते त्या भागात, लिरा शहरात, ती दाखवली तेव्हा प्रेक्षक संतापले आणि दगड उडाले. त्यांच्या दुःखाच्या गोष्टीत मध्यवर्ती पात्र परदेशी दिग्दर्शक आणि त्याचा लहान मुलगा होता. हे जगाआधी लिरामध्ये कळलं असतं तर?

ओळख लपवण्याबद्दल जरा खोलात. चेहरा ब्लर केला, पण गोंदण, दाराचा रंग, बाहेर उभ्या गाडीचा नंबर आणि बोलण्याची लकब तशीच राहिली, तर ओळखीचा माणूस क्षणात ओळखतो. आणि धोका बहुधा ओळखीच्याच माणसाकडून असतो. चौकटी-चौकटींचा ब्लरही भरवशाचा नाही. तशा चेहऱ्यांची ओळख संगणक पटवू शकतो, हे २०१६ मध्येच संशोधकांनी दाखवलं आहे. मूळ शूटिंगच हातांवर, पाठीवर, सावलीवर करा. आवाज जाड-बारीक करण्यापेक्षा तेच शब्द दुसऱ्याकडून वाचून घ्या आणि तसं पडद्यावर सांगा. फोटो देताना त्यात दडलेली जीपीएसची माहिती पुसा. २०१२ साली अँटीव्हायरसवाले जॉन मॅकॅफी फरार असताना त्यांचा ठावठिकाणा एका मासिकाने वेबसाइटवर टाकलेल्या फोटोतल्या अशाच माहितीवरून उघड झाला होता. आणि मूळ फुटेज सगळ्या टीमच्या शेअर केलेल्या ड्राइव्हमध्ये पडलेलं असेल, तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

विषय आत्महत्येचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना आधी वाचा. पद्धत दाखवायची नाही, एकाच कारणावर बोट ठेवायचं नाही, मदत कुठे मिळेल ते द्यायचं.

‘चित्र झकास, पण बोलणं ऐकू येत नाही’

धूसर चित्र प्रेक्षक सहन करतो, खरखरता आवाज नाही. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर. पंखा, फ्रीज बंद. जाणकार साउंडवाले फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवतात, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये जोड लपवायला तीच लागते. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा.

सबटायटल द्याच. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, आणि काहींना ऐकूच येत नाही. पांढऱ्या आकाशावर पांढरी अक्षरं नकोत.

फुकटच्या संगीतातही मेख असते. क्रिएटिव्ह कॉमन्स हे मोफत वापराचे परवाने, पण ज्या गाण्याच्या परवान्यात फेरबदलाला मनाई असते, ते गाणं तुमच्या चित्राला जोडता येत नाही. चित्रासोबत बसवणं हाच त्यांच्या व्याख्येत फेरबदल आहे. आणि उदास पियानो? माझं ऐकाल तर एकदा संगीत पूर्ण काढून फिल्म पाहा. रडू येणं बंद झालं, तर ते गोष्टीमुळे येतच नव्हतं.

‘व्ह्यूज तर भरपूर आले’

‘कोनी’चेही आले होते. फिल्मच्या आवाहनानुसार त्याच वर्षी २० एप्रिलच्या रात्री लोकांनी रस्त्यावर उतरून शहरं पोस्टरने भरायची होती. फार थोडे आले.

प्रदर्शनाआधी रफ कट पाच-सहा जणांना दाखवा. मित्र, घरचे, विषयातले कार्यकर्ते वगळून. तीनच प्रश्न विचारा: काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा, कुणाचं म्हणणं पटलं, आणि उद्या काय कराल. ‘आवडली का’ विचारू नका, हो म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर नसतं. पहिल्या प्रश्नाला वेगळीच गोष्ट ऐकू आली तर एडिटिंग चुकलंय, दुसऱ्याला खलनायकाचं नाव आलं तर लेखन, आणि तिसऱ्याला ‘जनजागृती करेन’ असं उत्तर आलं तर वरचं रिकाम्या जागांचं वाक्य पुन्हा काढून बसा.

शेवटी हेल्पलाइनचा नंबर देणार असाल तर फिल्म टाकण्याआधी तो स्वतः लावा. एकदा दुपारी, एकदा रात्री अकराला. कोण उचलतं, कोणत्या भाषेत बोलतं, किती वेळ थांबवतात ते टिपून घ्या, आणि रात्री कुणी उचलत नसेल तर नंबरच्या शेजारी वेळ लिहा.