दोघांचा डोंगा: वैनगंगेवर उतरण्याआधी आणि उतरल्यावर

आंभोऱ्यापासून गोसीखुर्द धरणापर्यंत वैनगंगा आता नदीसारखी वागत नाही. पाणी रुंद आणि संथ, पण तळाशी बुडालेल्या झाडांची खुंटं. वर जलपर्णीचे तरंगते ताटवे आणि आंभोऱ्याला मोटरबोटींची ये-जा. नवरा-बायको दोघंच डोंग्यावर राहून जाळं टाकणार असतील, तर डोंगा आणि शिस्त दोन्ही पक्की हवीत. आधी डोंगा.

काठावर ओढून तो तीन-चार दिवस सावलीत वाळू द्या. कडक उन्हात ठेवला तर फळ्या चिरतात. शेवाळ खरवडून काढा. गळती शोधायला डोंगा सरळ ठेवून आत दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि बाहेरून जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. बाहेरून नुसतं बघून फट सापडत नाही. पुन्हा वाळल्यावर खुणेच्या फटीतला जुना ताग उपसा. नवा ताग करंगळीपेक्षा बारीक वळा, डांबरात बुडवा आणि बोथट पटाशीने ठोकून बसवा. फार ठासू नका: पाण्यात लाकूड फुगतं, जागा उरली नाही तर फळ्याच खिळ्यांवरून सुटतात. गंजलेला खिळा उपटला तर त्याच भोकात नवा मारू नका. लाकडी खुंटी ठोकून बंद करा आणि शेजारी जस्ताच्या मुलाम्याचा खिळा मारा. डांबर मंद आचेवर पातळ करा. रॉकेल घालायचं तर डांबराचं भांडं चुलीवरून उतरवून, आगीपासून दूर नेऊन. पहिला हात वाळल्यावर दुसरा. शेवटी डोंगा काठालगत बांधून आत पाणी भरा आणि दोन दिवस राहू द्या. फळ्या फुगून सांधे मिटतात. त्यानंतरही झिरपत असेल, तर खूण चुकली आहे.

भार असा ठेवा की सगळं सामान आणि माणसं बसल्यावरही डोंग्याचा काठ पाण्यावर किमान एक वीत राहील. जड सामान मधोमध, तळाशी. वल्हवणारा मागे, जाळं सोडणारा पुढे. दोघांनी एकाच वेळी उभं राहायचं नाही, एकाच बाजूला वाकायचं नाही. जागा बदलायची तर काठाला लागून. अगदीच अडलं तर एकाने तळाशी बसायचं आणि दुसऱ्याने डोंग्याचे दोन्ही काठ धरून मधून सरकायचं. हुकूम मागच्याचा चालतो, कारण डोंगा त्याच्या हातात असतो. मागे बायको असेल तर तिचा.

जाळं संध्याकाळी टाका, उजाडायच्या आत उचला. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, अडकून मेलेला मासा काही तासांत मऊ पडतो आणि भाव जातो. वल्हवणाऱ्याने डोंगा वाऱ्याच्या तोंडावर धरावा, नाहीतर तो जाळ्यावरच येतो. जाळं खुंटात अडकलं तर आडवं ओढू नका. बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन सरळ वर उचला. जाळं टोपल्यात किंवा ताडपत्रीवर असावं, पायाखाली कधीही नाही. पाय गुंतून पाण्यात पडलेल्याला पोहता येत असूनही उपयोग होत नाही. तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, बटणात, जोडव्यात, काचेच्या बांगडीत, मंगळसूत्रात अडकतो. जोडव्यांवर कापडाची पट्टी गुंडाळा, पदर कमरेला घट्ट खोचा आणि धारदार चाकू दोघांच्याही हाताला येईल असा ठेवा.

लाइफ जॅकेट मिळालं तर उत्तमच. नसेल तर पाच लिटरचा, घट्ट बुचाचा रिकामा डबा प्रत्येकाच्या छातीला बांधा. डोकं पाण्यावर ठेवायला तेवढा आधार पुरतो. दुसरा असाच डबा तिरका कापला की पाणी उपसायला होतो. तो मात्र दोरीने डोंग्याला बांधा, उलटताना पहिला तोच वाहून जातो.

मोटरबोटीची लाट आडवी घेऊ नका, नाक लाटेकडे जरा तिरकं वळवा. रात्री चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा उंचावर लावा. डोळ्यांसमोर ठेवलेल्या बॅटरीने तुम्हालाच काही दिसत नाही. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ काळवंडलं की जाळं तसंच सोडून काठ गाठा. विजा कडाडत असताना बांबू उभा धरायचा नाही.

स्वयंपाक काठावरच. डोंग्याला डांबर असतं हे विसरू नका. अगदीच लागलं तर लोखंडी घमेल्यात चार बोटं वाळू घालून त्यावर चूल मांडा. नदीचं पाणी पिऊ नका: नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथेच येतं. उन्हाळ्यात दोघांना दिवसाला दहा लिटर तरी घरून न्या.

धरणाखाली, पवनीकडे मुक्काम असेल तर आभाळ बघून भागत नाही. इथे ऊन असताना मध्य प्रदेशात पाऊस पडलेला असतो आणि धरणाची 33 दारं त्यानुसार उघडतात. काठावर मागच्या पुराचा काडीकचरा अडकलेली रेघ दिसते, तिच्या वर झोपा, डोंग्यात नको. दोर आखूड बांधला तर पाणी चढताच नाक खाली ओढलं जाऊन डोंगा भरतो. म्हणून लांब दोर, आणि एका झटक्यात सुटणारी गाठ. धरणाचा भोंगा ऐकू आला की आधी माणसं वर, मग डोंगा. जाळ्यासाठी पाण्यात परत उतरायचं नाही.