ग्राइंडिंगमध्ये पंचाचं पाणी उतरू नये म्हणून

आमच्या गावचा लोहार कोयता शेवटून (तापवून-ठोकून धार काढून) दिला की एकच ताकीद द्यायचा : "याला मशीनच्या चाकावर धरू नकोस, पाणी उतरेल." भोसरीच्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर एकोणीस वर्षं काढल्यावर मी नव्या पोरांना तेच सांगतो. फरक इतकाच, की आता कोयत्याच्या जागी ६० एचआरसी कडकपणाचा, डी-टू या टूल स्टीलचा पंच (प्रेसमध्ये पत्रा कापणारा भाग) असतो आणि पाणी उतरण्याला, म्हणजे उष्णतेने पोलादाचा कडकपणा जाण्याला, आम्ही बर्न म्हणतो.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. दुसरंच वर्ष होतं. शनिवारची संध्याकाळ, आठ पंच द्यायचे होते आणि व्हील गुळगुळीत झालेलं. ड्रेसिंगला, म्हणजे डायमंडने व्हील खरवडून पुन्हा धारदार करायला, दोन मिनिटं कोण घालवणार, म्हणून तसंच रेटलं. दोन पंचांवर निळसर डाग आले. वरून आणखी दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) काढले, डाग गेला, जॉब आरशासारखा. पंच पाठवून दिले. काही दिवसांत तेच दोन पंच परत आले, धार बसलेली आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. निळा रंग ही फक्त वरची साय असते. खालचा मऊ झालेला थर कित्येक मायक्रॉन खोल जातो. रंग घासून काढला म्हणजे बर्न गेला, असं नाही.

साधं कार्बन स्टील २०० अंशांच्या पुढे पिवळसर होतं, ३००च्या आसपास निळं. डी-टूमध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम, त्यामुळे त्याला रंग उशिरा येतो. म्हणजे डी-टू निळं दिसलं, तर उष्णता त्याहून बरीच वर गेलेली असते. आणखी वर, ८००च्या पुढे गेलं, तर वरचा पातळ थर पुन्हा हार्डन होतो, काचेसारखा ठिसूळ. क्रॅक बहुतेक तिथेच सुरू होतात.

दहापैकी आठ वेळा दोष व्हीलचा असतो, म्हणून तिथून सुरुवात करा. जॉब जितका कडक, तितकं व्हील मऊ घ्यायचं, हे ऐकायला उलटं वाटतं. मऊ व्हीलचे बोथट दाणे वेळेवर गळतात आणि खालचे ताजे दाणे पुढे येतात. कडक व्हीलमध्ये बोथट दाणे तसेच चिकटून बसतात. ते कापत नाहीत, नुसते घासतात. डी-टूला मी पांढरं अॅल्युमिनियम ऑक्साइडचं, ४६ ग्रिटचं, एच किंवा आय ग्रेडचं, म्हणजे मऊ, लावतो. हिरवं व्हील कार्बाइडसाठी ठेवा.

ड्रेसिंगमध्ये बहुतेक जण एक चूक हमखास करतात : डायमंड व्हीलवरून फार हळू सरकवतात. फिनिश चांगली येईल म्हणून. २० मिलीमीटर रुंदीच्या व्हीलवर दहा-बारा सेकंद घेतले, तर व्हीलचा पृष्ठभाग बंद होतो, काचेसारखा. रफिंगला तीच रुंदी दोन-तीन सेकंदांत पार करा, फिनिशला चार-पाच. एका पासला २० मायक्रॉन पुरे. व्हील ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेला डायमंड दहा-पंधरा अंश कललेला हवा आणि अधूनमधून होल्डरमध्ये थोडा फिरवायचा, नाहीतर तो एका बाजूला सपाट होतो. ड्रेसिंग कधी करायचं ते कानाला कळतं. धारदार व्हील खरखरतं, बोथट झालं की किंचाळतं. त्या किंचाळण्यावर रेडिओचा आवाज वाढवणारा ऑपरेटर मी पाहिलाय.

कट रफला दहा-पंधरा मायक्रॉन. शेवटचे ५० मायक्रॉन मात्र तीन-चार मायक्रॉनच्या कटने काढा, म्हणजे रफमध्ये जे काही भाजलं असेल ते निघून जाईल. जॉब जळतोय असं वाटलं, की हात आपोआप टेबल हळू करतो. उलट करा. टेबल जलद, कट कमी. उष्णता एका जागी थांबता कामा नये.

कूलंट धो धो पडतोय म्हणून निर्धास्त राहू नका. फिरत्या व्हीलभोवती हवेचा पट्टा असतो, तो कूलंटला बाहेर फेकतो. नोझल चपटं, व्हीलच्या रुंदीचं आणि कट होतो त्या ठिकाणाला अगदी चिकटून हवं. आणि मशीनला कूलंट नसेल, तर बाटलीने थेंब थेंब सोडू नका, तापलेला जॉब पाण्यातही बुडवू नका. त्या झटक्याने क्रॅक येतात. कोरडंच करायचं तर लहान कट घ्या, जॉब निवू द्या.

संशय आला, तर नायटल, म्हणजे बर्न दाखवणारं अॅसिडचं द्रावण. १०० मिली स्पिरिटमध्ये ४ मिली नायट्रिक अॅसिड. अॅसिड स्पिरिटमध्ये घालायचं, उलट कधीही नाही. हातमोजे, गॉगल, मोकळी हवा. लागेल तेवढंच बनवा, बाटलीत झाकण लावून साठवू नका. जॉबचं तेल पूर्ण पुसा, कापसाने नायटल लावा, राखाडी झाला की पाण्याने धुवा, सोड्याच्या पाण्याने पुसा, वाळवून तेल लावा. सगळीकडे सारखा राखाडी आला, तर ठीक. काळपट पट्टे म्हणजे तिथे मऊ झालाय. काळ्या कडेचा पांढरा डाग दिसला, तर तो पुन्हा हार्डन झालेला थर, सगळ्यात वाईट.

साईझमध्ये वाव असेल, तर व्हील ड्रेस करून पाच-पाच मायक्रॉन काढा आणि पुन्हा नायटल लावून बघा. इतकी काळजी घेऊनही ग्राइंडिंगच्या दिशेला आडव्या बारीक भेगा आल्या, तर हीट ट्रीटमेंटवाल्याला टेम्परिंग (हार्डन केल्यावर पुन्हा बेतानं तापवणं) किती वेळा केलं ते विचारा. डी-टूला दोनदा लागतं. भेग पडलेला पंच वाचत नाही. त्याला लाल रंग मारा आणि स्वतःच्या हाताने स्क्रॅपच्या पेटीत टाका. टेबलावर ठेवलात, तर रात्रपाळीचा कोणीतरी उचलून डायमध्ये लावतो.