समुद्राजवळचा पूलवाला व्हिला भाड्यानं घेताना

आमच्या घरची माणसं मोजली तर एकोणीस भरतात. वर्षातून एकदा सगळ्यांनी चार दिवस एका छताखाली राहायचं, हे सासऱ्यांनी ठरवलं. जागा शोधायचं काम अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. समुद्राजवळ, स्वतःचा पोहण्याचा पूल असलेला मोठा व्हिला, एवढी अट कायम. शिकले ते सगळं एका वहीत आहे, त्यातलंच इथे लिहिते. सुरुवात पूलपासून करते, कारण बाकी चुका पैशांनी भरून निघतात, ही निघत नाही.

सहा वर्षांपूर्वी, संध्याकाळची वेळ. मुलांना पाण्याबाहेर काढून झालं होतं, अंगं पुसून झाली होती. पूलच्या कडेला आम्ही अकरा मोठी माणसं गप्पा मारत होतो. माझा तीन वर्षांचा पुतण्या तरंगणारा चेंडू घ्यायला वाकला आणि आत गेला. ओरडला नाही, हातपाय आपटले नाहीत. सासूबाईंना पोहता येत नाही, पण त्या खुर्चीत बसून पाण्याकडे बघत होत्या. त्यांनी हाक मारली म्हणून दिरांनी उडी घेतली. पोरगं खोकलं, मग रडलं; रात्रीच डॉक्टरांना दाखवून आणलं, सुखरूप होता. आम्ही अकराजण होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याचं लक्ष असेल.

बुडणारं मूल हाका मारत नाही. श्वास घ्यायचीच धडपड चालू असते, ओरडायला हवा कुठून येणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून व्हिला बघताना माझा पहिला प्रश्न कुंपणाचा असतो. पूलला चारही बाजूंनी कुंपण हवं, निदान १.२ मीटर उंच, मुलाला पाय रोवून चढता येणार नाही असं. फाटक आपोआप मिटणारं आणि खिट्टी लहान मुलाच्या हाताबाहेर. तीन बाजूंना कुंपण आणि चौथ्या बाजूला घराचीच भिंत असेल तर ते कुंपण धरू नका. त्या भिंतीतला सरकता दरवाजा उघडला की मूल थेट पाण्यापाशी पोचतं. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्यानं जमिनीत बांधलेल्या खाजगी पूललाही कुंपण, झाकण, छत किंवा अलार्म यांपैकी एक तरी सोय सक्तीची केली. जिथे असा कायदा नाही तिथे तपासायचं काम आपलं. 'आमच्याकडे सगळं सुरक्षित आहे' या उत्तरावर थांबू नका, फाटकाचा आणि खिट्टीचा फोटो मागा.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक केशरी टोपी घेतली. जिच्या डोक्यावर टोपी, ती व्यक्ती पाण्याकडे बघणार. फोन नाही, मद्य नाही, पुस्तक नाही. पाळी वीस मिनिटांची, आणि टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवल्याशिवाय जागा सोडायची नाही. पूलमध्ये कोणी नसलं तरी फाटक उघडं असेपर्यंत टोपी चालू. पोहून झालं की चेंडू, तरंगणाऱ्या गाद्या, टायर सगळं पाण्यातून बाहेर काढायचं, कारण लहान मूल खेळण्यासाठीच वाकतं. हवेनं फुगणारे टायर आणि दंडाच्या पट्ट्या ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मुलाला सोडू नका. आणखी एक कळकळीची विनंती: निघण्याआधी घरातल्या दोघांनी तरी सीपीआर, म्हणजे श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसावर करायचा प्रथमोपचार, शिकून घ्या. बुडालेल्या माणसाचं शरीर प्राणवायूला मुकलेलं असतं, त्यामुळे नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडानं श्वासही द्यावे लागतात. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

आता पाण्याबद्दल. काठावर उभं राहून सर्वांत खोल जागेतली, पाणी ओढून नेणारी तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर कोणीही उतरायचं नाही, कारण तळाशी गेलेलं माणूसही मग दिसणार नाही. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तरी तेच. तिथली ओढ केस किंवा हात धरून ठेवू शकते. डोळे चुरचुरवणारा क्लोरीनचा उग्र वास आला की पुष्कळांना वाटतं, औषध जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, तो वास त्यांचा. म्हणजे जंतू मारायला मोकळं क्लोरीन कमी उरलेलं असू शकतं. मी तपासणीच्या कागदी पट्ट्या बरोबर नेते. पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आणि मोकळं क्लोरीन निदान १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) हवं. दोन मिनिटांचं काम आहे. मालकांना विचारा, फिल्टर दिवसातून किती तास चालतो आणि आपण राहत असताना पाणी तपासायला कोण येतं. एकोणीस माणसं चार दिवस डुंबणार असतील तर रोज तपासणी हवी. जुलाब झालेल्यानं पाण्यात उतरू नये, मूल असो वा मोठं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो.

गरम पाण्याचा पूल असं लिहिलेलं असेल तर हिशेब करून बघा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल म्हणजे ७०,००० लिटर पाणी. ते एक अंशानं तापवायला सुमारे ८१ युनिट उष्णता लागते. हीटर १५ किलोवॉट उष्णता देत असेल तर अंशाला साडेपाच तास. सात अंश चढवायचे तर दीड दिवसाहून जास्त, आणि रात्री उघड्या पाण्यातून उडणारी उष्णता वेगळीच. तुम्ही पोचल्यावर हीटर लावला तर निघायच्या दिवशी पाणी कोमट होईल. हीटर कधी लावणार, रात्री झाकण घालणार का, आणि त्याचं वेगळं भाडं आहे का, हे आधी विचारा.

घर शोधताना फोटोंवर फार विसंबू नका. रुंद कोनाच्या लेन्सनं चार मीटरचा हौद लांबलचक दिसतो. लांबी-रुंदी-खोली मीटरमध्ये मागायची. नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून घर शोधा. समुद्र आणि घर यांच्या मध्ये रस्ता आहे का, शेजारच्या गच्चीवरून पूल दिसतो का, लागून बांधकाम आहे का, सगळं कळतं. 'समुद्र पाच मिनिटांवर' हे चालत की गाडीनं, तेही विचारा. एकदा आम्ही पोचलो तेव्हा समुद्र खरोखरच समोर होता, पण ९४ पायऱ्या खाली. सासूबाईंना तो चारही दिवस वरूनच बघावा लागला. माझ्या शोधात ही सर्वांत मोठी चूक झाली असं मी आजही मानते.

'२० जण राहू शकतात' या ओळीत सोफे आणि जमिनीवरच्या गाद्याही मोजलेल्या असतात. म्हणून मी खोलीवार यादी मागते. मालकांना पाठवायचा मजकूर वहीत तयार आहे:

'नमस्कार. आम्ही १९ जण आहोत, त्यांत ४ लहान मुलं आणि २ ज्येष्ठ. कृपया कळवा: प्रत्येक खोलीत पलंग किती आणि केवढे? तळमजल्यावर किती खोल्या, आणि त्यांना जोडून संडास आहे का? एकूण न्हाणीघरं किती? कोणत्या खोलीचं दार पूलकडे उघडतं? पाण्याच्या टाक्या किती लिटरच्या? वीज गेली तर जनरेटरवर काय काय चालतं? रात्री घराजवळ कोणी माणूस असतो का?'

उत्तर कसं येतं त्यावरून घर कसं चालवतात ते समजतं. ज्यांनी मला सातही प्रश्नांची नीट उत्तरं दिली, त्यांच्या घरी आम्हाला कधी त्रास झाला नाही.

टाकीचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माणशी १०० लिटर धरलं तरी एकोणीस जणांना दिवसाला १,९०० लिटर लागतं. गीझर ५० लिटरचा आणि कॉइल २ किलोवॉटची असेल तर रिकामा झाल्यावर पुन्हा तापायला तासभर जातो. अंघोळींची पाळी लावावीच लागते. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल तर तो वापरू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत पुष्कळदा काही कळत नाही.

किनाऱ्यावर खारी हवा लोखंड खाते. गच्चीच्या आणि जिन्याच्या कठड्यांना हात लावून हलवून बघा. रंगाखाली गंज असतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री ते उलटून जमिनीकडून मतलई वारे सुटतात. त्यामुळे दुपारी थंडगार वाटलेली समुद्राकडची खोली रात्री कोंदट होऊ शकते. ज्यांना उकाडा सोसत नाही त्यांना दोन्हीकडे खिडक्या असलेली खोली द्या.

तारखा ठरवताना तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, तेव्हा अरुंद किनाऱ्यावरची वाळू पाण्याखाली जाते आणि मुलांना खेळायला जागाच उरत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं-उतरतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे आज सकाळी दहाला भरती असेल तर उद्या अकराला दहा कमी. पूलमध्ये पोहणारा समुद्रात पोहेलच असं नाही. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टी शांत दिसते, ती बहुधा आत ओढणाऱ्या प्रवाहाची असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगत राहा, हात उंचावून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर आम्ही गुडघ्यापलीकडे जात नाही.

पैशांचं थोडक्यात. घराचे फोटो इंटरनेटवर उलट शोधात टाकून बघा, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते कळतं. तेच घर दुसऱ्या नावानं दुसऱ्या गावात निघालं तर सोडा. मालकांना घरातूनच व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि पूलच्या फाटकापर्यंत चालत जायला सांगा. आसपासच्या घरांपेक्षा भाडं फारच कमी, घाई, आणि बुकिंगच्या साइटबाहेर सगळी रक्कम आधी पाठवायचा आग्रह, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी थांबते. अनामत किती, किती दिवसांत परत, रद्द केल्यास काय कापणार, वीज युनिटवर मोजणार का, दिवसापुरते पाहुणे चालतात का, संगीत किती वाजेपर्यंत, हे सगळं लेखी घ्या.

पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी मी एक फेरी मारते. फोनवर सगळ्या खोल्यांचं चित्रीकरण, विजेच्या मीटरचा फोटो, पूलच्या दोन्ही टोकांची खोली काठीनं मोजून सगळ्यांना सांगणं. मग घराचा पूर्ण पत्ता, जवळच्या दवाखान्याचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावते. घाबरलेल्या माणसाला अनोळखी घराचा पत्ता आठवत नाही. रात्री जेवणं झाल्यावर फाटकाला कुलूप, आणि किल्ली सासूबाईंच्या उशाशी.

निघताना तीच फेरी उलट. मीटरचा दुसरा फोटो, फुटलेलं-तुटलेलं आपणहून सांगणं. गेल्या वर्षी शेवटच्या सकाळी फाटकाची खिट्टी सैल झालेली दिसली. मी मालकांना फोटो पाठवला आणि सुतार येईपर्यंत तासभर थांबले, कारण त्याच संध्याकाळी दोन लहान मुलं असलेलं एक कुटुंब तिथे उतरणार होतं.