अरबी स्नॉट-२२ तपासताना या चुका टाळा

सायनसच्या रुग्णांनी आपल्या त्रासाला स्वतः गुण द्यायची स्नॉट-२२ प्रश्नावली अरबीत आणायच्या कामात मी आखातातल्या एका रुग्णालयात होतो. तेव्हापासून इतरांची कामं नजरेखालून जातात आणि त्याच त्या चुका बघून जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात महाग पडते ती आकड्यांची चूक. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण ११०. गुण जास्त तेवढा त्रास जास्त. आखातात आणि इजिप्तमध्ये जे आकडे लिहितात त्यांतला पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. आमच्याकडे डेटा भरणारा मुलगा साताऱ्याचा, कामाला चोख. एक दिवस म्हणाला, "सर, या पेशंटला काहीच होत नाही, मग ऑपरेशन कशाला?" फॉर्म पाहिला. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप (मऊ गाठी) असलेल्या बाई, आणि 'नाक चोंदणे', 'वास न येणे' यांपुढे ठसठशीत गोल! सगळे पाच त्याने शून्य म्हणून भरले होते. वर झेरॉक्समध्ये ठिपके उडालेले, म्हणजे खरं शून्य कोणतं आणि रिकामी जागा कोणती, तेही कळेना. सगळे फॉर्म पुन्हा काढून बसलो.

तेव्हापासून मी रुग्णाला आकडा लिहायलाच देत नाही. छापलेल्या चौकोनात खूण करायची, चौकोनाखाली त्या गुणाचा अर्थ सांगणारे शब्द हवेतच, आणि डेटा दोघांनी वेगवेगळा भरून ताडून बघायचा. वेळ जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे भाषांतर फक्त डॉक्टरांना दाखवणं. 'रश्ह' म्हणजे नाक गळणं, पण सीरिया-लेबनॉनकडच्या बोलीत सर्दीलाही रश्हच म्हणतात. एक गृहस्थ रुमालाने नाक पुसत पुसत मला सांगत होते, "रश्ह नाही मला." त्यांच्या मते त्यांना सर्दी झालेली नव्हती, आणि ते खरंच होतं. म्हणून भाषांतर झालं की आठ-दहा रुग्णांसमोर बसा, प्रत्येक प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. हे टाळून थेट आकडेमोडीला धावणाऱ्या नवशिक्यांचा मला खरोखर राग येतो.

क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांचा आपसातला मेळ मोजणारा आकडा, ०.९ आला (एकच्या जवळ म्हणजे मेळ चांगला) म्हणून प्रश्नावली सिद्ध होत नाही. प्रश्न एकमेकांशी जुळतात, एवढंच त्यातून कळतं.

तुलनेसाठी नाकाची तक्रार नसलेल्यांचा गटही घ्या. उलट भाषांतर (अरबीतून पुन्हा इंग्रजीत) करणाऱ्याला मूळ इंग्रजी दाखवू नका. प्रश्नावलीचे हक्क अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाकडे आहेत, त्यांची परवानगी कामाआधी मागा.

आणि फेरचाचणी, म्हणजे त्याच रुग्णाला तीच प्रश्नावली पुन्हा देऊन उत्तरं जुळतात का ते बघणं. पहिल्या भेटीत स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करायचा, दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली द्यायची आणि उत्तरं जुळली नाहीत म्हणून भाषांतराला दोष द्यायचा, हे मी कितीदा पाहिलंय. नाक सुधारलं तर गुण बदलणारच. मी ज्यांचे उपचार बदललेले नाहीत असेच रुग्ण घेतो, आणि मधे धुळीचं वादळ येऊन गेलं असेल तर ती तारीख फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.